जगप्रदक्षिणा क्रूझची वेटलिस्ट: केबिन कधी सुटते आणि ती आपल्या वाट्याला कशी येते

प्रश्न थोडक्यात असा आहे. पती-पत्नी, दोघंही निवृत्त. येत्या जानेवारीत निघणाऱ्या, साधारण चार महिन्यांच्या जगप्रदक्षिणेसाठी त्यांनी बाल्कनी केबिनच्या वेटलिस्टवर नाव घातलं आहे. ‘तुमचा नंबर ११’ एवढंच त्यांना सांगण्यात आलंय. निघायला दहा महिने आहेत. नंबर पुढे सरकावा म्हणून काही करता येतं की नुसती वाट पाहायची?

करता येतं, आणि बरंच करता येतं. लांब पल्ल्याच्या क्रूझची बुकिंगं करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. वेटलिस्टवरून जहाजावर पोचलेली माणसं मी पाहिली, तशीच हातातोंडाशी आलेली केबिन दोन तासांच्या उशिरानं घालवलेलीही पाहिली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या ११ नंबरविषयी. वेटलिस्ट म्हटलं की तिकीटखिडकीसमोरची रांग डोळ्यांपुढे येते: पुढचे दहा जण गेले की आपण. केबिन मात्र अशी वाटली जात नाही. सुटणारी केबिन ही एक ठरावीक केबिन असते. तिची श्रेणी ठरलेली, मजला ठरलेला, त्यात किती माणसं राहू शकतात तेही ठरलेलं. ती सुटली की कंपनीतला केबिनवाटप पाहणारा माणूस यादी उघडतो आणि या केबिनमध्ये कोण बसतं ते शोधतो. तुमच्या पुढच्या दहांपैकी कुणाला तीन माणसांची केबिन हवी असते. कुणी ‘फक्त मधल्या भागातली, फक्त वरच्या मजल्यावरची’ अशी अट घातलेली असते. दोघा-तिघांनी एव्हाना दुसऱ्या जहाजावर पैसे भरलेले असतात आणि यादीतून नाव काढायचं राहून गेलेलं असतं. एखाद्याचा फोन लागत नाही. अशा वेळी अकरावा माणूस एका दिवसात पहिला होतो. उलटंही घडतं: जुन्या प्रवाशांना अग्रक्रम देणारी कंपनी असेल तर काल नाव घातलेला, पण त्यांच्या जहाजांवर शेकडो रात्री काढलेला प्रवासी तुमच्या पुढे जातो. त्यावर आपला इलाज नाही. आपल्या हातात एकच गोष्ट आहे: जास्तीत जास्त केबिनांमध्ये आपण सहज बसू शकू आणि विचारल्याबरोबर हो म्हणू शकू अशी तयारी ठेवायची. पुढचं सगळं त्याविषयीच आहे.

‘जहाज पूर्ण भरलं’ या शब्दांनी खचू नका. ओशियानिया या क्रूझ कंपनीची २०२३ची १८० दिवसांची जगप्रदक्षिणा २०२१च्या जानेवारीत विक्रीला आली आणि एका दिवसात संपली. त्याच वर्षी जुलैमध्ये रीजंट या दुसऱ्या कंपनीच्या ‘सेव्हन सीज मरिनर’ या सुमारे ७०० प्रवाशांच्या जहाजाची २०२४ची जगप्रदक्षिणा तीन तासांच्या आत संपली. ऐकून धडकी भरते. पण दोन-अडीच वर्षं आधी, काही तासांत झालेलं बुकिंग हे बहुतेकांच्या बाबतीत ‘आधी जागा धरून ठेवू, मग बघू’ असं असतं. कुणी एकाच वर्षाच्या दोन जहाजांवर डिपॉझिट भरून ठेवतं. मुलीचं लग्न ठरतं, गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे येते, घर विकलं जात नाही. इतक्या लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांत निवृत्तांची संख्या मोठी असते, आणि दोन वर्षांत त्या वयात बरंच काही बदलतं.

मग केबिना सुटतात कधी? वर्षभर थोड्याथोड्या सुटत नाहीत, ठरावीक तारखांभोवती सुटतात. सगळ्यांत महत्त्वाची तारीख फायनल पेमेंटची. आठवडाभराच्या क्रूझला ती साधारण ९० दिवस आधी असते. जगप्रदक्षिणेला बरीच आधी, १२०, १५०, १८० दिवस किंवा त्याहूनही आधी, कंपनीनुसार वेगळी. तोवर डिपॉझिटवर बसून राहिलेल्यांना आता पूर्ण रक्कम भरायची असते, आणि तिथे ‘बघू’ म्हणणारे गळतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघणाऱ्या जहाजाची मुदत १५० दिवसांची असेल तर ती तारीख ऑगस्टच्या सुरुवातीला येते. तुमच्या जहाजाची नेमकी तारीख आजच काढा आणि तिच्या आधीचे तीन आठवडे व नंतरचे दोन आठवडे कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. त्या पाच आठवड्यांत फोन बंद राहील अशा ठिकाणी जाऊ नका. नंतरचे दोन आठवडे कशासाठी? पैसे न भरलेली बुकिंगं त्याच रात्री रद्द होतीलच असं नाही. कंपनी आठवण करते, एजंट मुदत मागतात, आणि मग जागा मोकळ्या होतात.

त्यानंतर रद्द करण्याच्या दंडाच्या पायऱ्या. करारात लिहिलेलं असतं की अमुक दिवसांपर्यंत रद्द केलं तर भाड्याचा अमुक हिस्सा कापला जाईल, त्यानंतर त्याहून जास्त, आणि शेवटी सगळंच. प्रत्येक पायरीच्या आदल्या चार-पाच दिवसांत काही जण निर्णय घेऊन मोकळे होतात. या तारखाही लिहून ठेवा. शेवटच्या महिन्यात सुटणाऱ्या केबिना बहुतेक आजारपणामुळे सुटतात. त्या कुणाच्या तरी दुःखातून आलेल्या असतात, पण त्या रिकाम्या गेल्यानं त्या माणसाचं दुःख कमी होत नाही, म्हणून संकोच करू नका.

ज्याबद्दल प्रवाशांना सहसा कुणी सांगत नाही अशी एक जागा म्हणजे एजन्सींचे गट. मोठ्या एजन्सी विक्री सुरू होतानाच कंपनीकडून काही केबिना गटासाठी राखून घेतात. कंपनीच्या पडद्यावर त्या ‘विकलेल्या’ दिसतात, प्रत्यक्षात एजन्सीकडे पडून असतात. न खपलेल्या केबिना ठरावीक तारखेला कंपनीला परत द्याव्या लागतात. म्हणजे कंपनी ‘जागा नाही’ म्हणते त्याच दिवशी एखाद्या एजन्सीकडे तुम्हाला हवी तशी बाल्कनी असू शकते. जगप्रदक्षिणांचंच काम करणाऱ्या दोन-तीन एजन्सींना नुसतं विचारा: या प्रवासासाठी तुमचा गट आहे का, त्यात दोघांची केबिन उरली आहे का? विचारायला हरकत नाही, पण वेटलिस्टवर नाव मात्र एकाकडूनच घाला. एका जोडप्यानं शक्यता वाढावी म्हणून तीन एजंटांकडून नावं घातली. कंपनीच्या यादीत एकच नाव तीनदा दिसलं आणि दुबार नोंदी म्हणून तिन्ही उडाल्या. केबिन सुटली तेव्हा ते यादीतच नव्हते, आणि हे त्यांना तीन महिन्यांनी कळलं. तुम्ही थेट कंपनीकडे नाव घातलं असेल आणि आता एजंट घ्यायचा असेल तर बुकिंग एजंटकडे वळवायला बहुतेक ठिकाणी मुदत असते. ती गेली की वळवता येत नाही, तेव्हा हे लवकर ठरवा.

मार्ग बदलला तरी जागा सुटतात. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४च्या अनेक जगप्रदक्षिणांना सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालावा लागला. इजिप्त आणि जॉर्डनसाठीच निघालेल्यांना प्रश्न पडला, जावं का? अशी बातमी आली की त्याच दिवशी एजंटला फोन करा. तुम्हाला बदललेला मार्ग चालत असेल तर तसं स्पष्ट सांगा, लेखी.

आता श्रेणी. तुम्ही फक्त बाल्कनीच्या यादीत आहात आणि माझ्या मते अडचण इथेच आहे. जहाजावर एक केबिन सुटली की साखळी हलते. समजा, एक सुइट रिकामा झाला. तो बाल्कनीतल्या एका जुन्या प्रवाशाला मिळतो, कारण तो वरच्या श्रेणीसाठी थांबलेला असतो. त्याची बाल्कनी खिडकीवाल्या केबिनमधल्या जोडप्याकडे जाते. त्यांची केबिन आतल्या, म्हणजे बिनखिडकीच्या केबिनमधल्या कुणाकडे. शेवटी यादीतल्या बाहेरच्या माणसासाठी उरते ती आतली केबिन. बाल्कनीच्या यादीतला माणूस या सगळ्या हालचालीत जागचा हलत नाही, कारण त्याच्या श्रेणीतली जागा आधीच जहाजात असलेल्यांत वाटली गेली. म्हणून ज्या ज्या श्रेणीत तुम्ही खरोखर राहू शकाल त्या सगळ्यांत नाव घाला. आत शिरलात की तुम्हीही त्या साखळीत येता आणि बाल्कनीसाठी थांबू शकता.

‘खरोखर राहू शकाल’ हे मात्र मनापासून तपासा. चार महिने बिनखिडकीच्या खोलीत राहणं सगळ्यांना जमत नाही. मी जोडप्यांना एकच प्रश्न विचारतो: दुपारी एक जण झोपतो तेव्हा दुसरा काय करतो? दुसरा वरच्या डेकवर किंवा वाचनालयात रमणारा असेल तर आतली केबिन निभते. अंधार गाढ असतो आणि झोप छान लागते. दुसऱ्याला खोलीतच दिवा लावून वाचत बसायचं असेल तर तिसऱ्या आठवड्यात कुरबुरी सुरू होतात. मग आतली केबिन मिळाली तरी घेऊ नका. मुकाट्यानं सोसायला हा आठवड्याचा प्रवास नाही.

कंपनी कधी कधी ‘गॅरंटी केबिन’ देऊ करते. यात श्रेणीची हमी असते, केबिनचा क्रमांक नंतर कळतो. छोट्या प्रवासाला मी ती बिनधास्त घ्यायला सांगतो. जगप्रदक्षिणेला घेण्याआधी जहाजाचा नकाशा समोर ठेवून त्या श्रेणीतल्या सगळ्यांत वाईट केबिना कुठे आहेत ते पाहा. नाकाच्या टोकाजवळ, नांगराच्या साखळीच्या आवाजाच्या टप्प्यात, नाट्यगृहाच्या खाली, स्वयंपाकघराच्या वर. त्यांतली सर्वांत वाईट चालणार असेल तरच हो म्हणा. बोट लागण्याचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरची, मध्यभागातली केबिन सर्वांत कमी हलते. ती बहुधा खिडकीवाली किंवा आतलीच असते, बाल्कनी नसते. बाल्कनीच्या हट्टामागे समुद्र दिसावा ही इच्छा असेल तर ती रास्त आहे. पण त्रास कमी व्हावा म्हणून बाल्कनी मागत असाल तर चुकीची केबिन मागत आहात.

आता सगळ्यांत उपयोगी भाग: टप्पे. जगप्रदक्षिणा आधी पूर्ण प्रवास म्हणून विकतात. पुढे कधी तरी उरलेल्या केबिना टप्प्याटप्प्यानं विकायला काढतात, तीन-चार आठवड्यांचा एकेक तुकडा. एखाद्या केबिनचा एक तुकडा जरी विकला गेला तरी ती पूर्ण प्रवासाच्या वेटलिस्टसाठी संपली. म्हणजे ११० दिवसांपैकी ९० दिवस रिकामी असलेली केबिन जहाजावर आहे आणि तुमच्या यादीला ती दिसत नाही. कुणी स्पष्ट विचारल्याशिवाय सांगतही नाही. म्हणून एजंटला हे शब्दशः विचारायला सांगा: सलग टप्पे जोडून संपूर्ण प्रवास, एकाच केबिनमध्ये किंवा एकदाच केबिन बदलून, मिळेल का? आणि पहिला टप्पा सोडून दुसऱ्या बंदरात चढता येईल का?

गेल्या काही वर्षांत वेटलिस्टवरून मी ज्यांना जहाजावर पोचवलं त्यांतले बरेच जण याच दारानं गेले. एका जोडप्यानं पहिले १८ दिवस सोडले, कारण त्यांना हवी असलेली केबिन तेवढ्याच दिवसांसाठी दुसऱ्याकडे होती. विमानानं पुढच्या बंदराला जाऊन ते चढले आणि अखेरपर्यंत राहिले. दुसऱ्या एकांनी मध्ये एकदा केबिन बदलली. त्या दिवशी हँगरवरचे कपडे कर्मचारी तसेच उचलून नेतात, बाकीचं तुम्ही बॅगेत भरायचं. दुपारपर्यंत सगळं आटोपतं.

याची किंमत मोजावी लागते, तीही सांगतो. टप्पे जोडून केलेला प्रवास पूर्ण प्रवासाच्या भाड्यापेक्षा बहुधा महाग पडतो. पूर्ण प्रवास करणाऱ्यांना मिळणाऱ्या सवलती, म्हणजे कपडे धुण्याची सोय, टिप्स, विमानभाडं, खास कार्यक्रम, यांतल्या काही किंवा सगळ्या तुम्हाला मिळणार नाहीत. आधी विचारून घेतल्यास कंपनी कधी कधी त्या देते, जहाजावर चढल्यावर मागून क्वचितच मिळतात. टप्प्यांचं बुकिंग केलं तरी पूर्ण प्रवासाच्या वेटलिस्टवर नाव राहू द्या, आणि तिकडे केबिन सुटली तर टप्प्यांचं डिपॉझिट दंडाशिवाय त्यात वळेल हे लेखी घ्या.

कायद्याची एक अडचणही इथे येते. मार्गात अमेरिकेची बंदरं असतील तर १८८६चा प्रवासी जहाज कायदा आड येतो. परदेशी ध्वजाच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजाला एका अमेरिकी बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात कायमचं उतरवता येत नाही, मध्ये एखादं दूरचं परदेशी बंदर घेतलं असेल तरच चालतं. बहुतेक मोठी क्रूझ जहाजं बहामा, बर्म्युडा, पनामा, माल्टा अशा ध्वजांखाली चालतात. त्यामुळे लॉस एंजेलिसला चढून होनोलुलूला उतरणं असा टप्पा मिळत नाही, केबिन रिकामी असली तरीही. उशिरा चढणं किंवा लवकर उतरणं ठरवताना हे एजंटकडून तपासून घ्या, नाही तर सगळं जुळल्यावर नकार येतो.

पुढची गोष्ट तयारीची. केबिन सुटल्याचा निरोप आला की उत्तरासाठी २४ तास मिळाले तर पुष्कळ, कधी फक्त संध्याकाळपर्यंतची वेळ मिळते. एवढ्या वेळात पती-पत्नींनी चर्चा सुरू केली तर ती केबिन गेली म्हणून समजा. चर्चा आज करा. कोणत्या श्रेणीला, किती रकमेपर्यंत, निघायला किती दिवस उरलेले असताना होकार द्यायचा ते कागदावर लिहा आणि एजंटला तेवढ्या मर्यादेत परस्पर होकार देण्याची लेखी मुभा द्या. फायनल पेमेंटची तारीख उलटल्यावर केबिन मिळाली तर डिपॉझिट नव्हे, सगळं भाडं एकदम भरावं लागतं. कार्डाची मर्यादा तेवढी आहे का, बँक एवढा व्यवहार संशयानं अडवणार तर नाही ना, हे आधी बोलून ठेवा. पैसे मोडायला आठवडा लागणाऱ्या ठिकाणी गुंतलेले असतील तर वेटलिस्टच्या दृष्टीनं ते तुमच्याकडे नाहीत.

कंपनीला आज विचारायचं ते असं. केबिन सुटली की आपोआप नावावर होते की आधी विचारतात? आपोआप होत असेल तर दंडाच्या पायऱ्या कोणत्या तारखेपासून लागू? भाडं नाव घातलं त्या दिवसाचं की केबिन मिळेल त्या दिवसाचं? वेटलिस्टसाठी भरलेलं डिपॉझिट केव्हाही परत मिळतं का? उत्तरं ईमेलवर मागा. नवख्या कंपनीचा प्रवास असेल तर जहाज त्यांच्या ताब्यात आहे का हेही विचारा. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये तीन वर्षांची एक बहुचर्चित सागरसफर निघण्याआधीच रद्द झाली, कारण जहाजच मिळालं नाही, आणि लोकांनी घरंदारं आवरून ठेवली होती.

त्यानंतर रोज फोन करू नका. वर सांगितलेल्या तारखांच्या आसपास एजंटनं एक नेमका ईमेल पाठवावा: ‘हे दोघं अजून तयार आहेत, या या श्रेणी चालतील, टप्पे जोडूनही चालेल, पैसे तयार आहेत.’ केबिनवाटप करणाऱ्या माणसाला संध्याकाळच्या आत केबिन भरायची असते, तेव्हा त्याला असंच नाव हवं असतं.

कागदपत्रांत कमी पडू नका, कारण शेवटच्या दोन महिन्यांत मिळालेली केबिन इथेच हातची जाते. पासपोर्ट प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने चालणारा हवा आणि त्यात कोरी पानं भरपूर हवीत. कमी असतील तर आत्ताच नवा काढा. मार्गातल्या प्रत्येक देशाच्या व्हिसाची यादी करा आणि कोणता किती दिवसांत मिळतो ते समोर लिहा. सर्वांत वेळ घेणारा व्हिसा ही तुमची खरी शेवटची तारीख. पीतज्वराची लस हा वेगळा विषय आहे. तिचं प्रमाणपत्र टोचून घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरलं जातं आणि जुलै २०१६पासून ते आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढे पहिल्यांदाच ही लस घेताना धोका थोडा वाढतो, म्हणून डॉक्टरांशी आधी बोला. घेणं योग्य नसेल तर तसं पत्र लागेल, आणि ते कोणकोणते देश मान्य करतात ते कंपनीला विचारावं लागेल. ऐनवेळी हे जमत नाही. विमा काढताना वार्षिक पॉलिसीच्या भरवशावर राहू नका. त्यांत एका प्रवासाच्या दिवसांवर मर्यादा असते आणि चार महिने तीत बसत नाहीत. पूर्ण कालावधीची, समुद्रातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरणारी पॉलिसी कोण देतं ते शोधून ठेवा, केबिन पक्की झाली की त्याच दिवशी काढा, आणि असलेले आजार एकूण एक सांगा.

हे सगळं करूनही केबिन न मिळण्याची शक्यता आहेच. म्हणून पुढच्या वर्षीच्या प्रवासात आत्ताच जागा धरा, डिपॉझिट परत मिळण्याची तारीख पाहून. आणि जमलं तर यंदाच्याच जहाजावर एखादा महिन्याचा टप्पा करा. पुढच्या जगप्रदक्षिणांची बुकिंगं अनेक कंपन्या आधी जहाजावरच्या प्रवाशांसाठी उघडतात, मग जुन्या सदस्यांसाठी, आणि सर्वांत शेवटी बाहेरच्यांसाठी. कोणत्या टप्प्यात हे बुकिंग उघडणार ते विचारून तोच टप्पा निवडा. तुम्ही केबिनमध्ये महिनाभर राहिलेले असाल, कोणत्या मजल्यावर आवाज येतो ते कळलेलं असेल, आणि त्या सकाळी जहाजावरच्या बुकिंगच्या टेबलासमोर तुम्ही स्वतः उभे असाल.

यंदाची वाट कधी थांबवायची तेही आज ठरवा: सर्वांत वेळ घेणारा व्हिसा ज्या दिवसानंतर मिळणार नाही तो दिवस. त्या दिवशी नाव लेखी काढून टाका, डिपॉझिट परत येईपर्यंत तो ईमेल जपून ठेवा, आणि यादीतलं नाव खरोखर निघालं का ते आठवड्यानं पुन्हा विचारा. आपोआप नावावर होणारी यादी असेल तर जानेवारीत नको असलेली केबिन तुमच्या कार्डावर लागू शकते.